वर्धा जिल्ह्यातील रक्तक्षय : एका लक्षणामागील अनेक कारणांचा ऐतिहासिक शोध

प्रास्ताविक

६ मे १९४४ रोजी ब्रिटिश सरकारने महात्मा गांधींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटका केली, ती केवळ प्रकृतीच्या कारणास्तव. हिवतापाने ते खंगले होते, रक्तदाब घसरला होता आणि अ‍ॅनिमिया वाढत चालल्याचे डॉक्टरांचे मत होते. सुटकेनंतर जुहू येथे विश्रांती घेत असताना झालेल्या तपासणीत त्यांच्या पोटात अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म आणि आमांशाचे जंतूही आढळले. हिवतापाचा जंतू तांबड्या रक्तपेशी फोडतो. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो. आमांशाने अन्नरसाचे शोषण बिघडते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मांसाहार वर्ज्य असलेल्या एका देहात रक्त कमी होण्याची अशी अनेक कारणे एकत्र आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजी सेवाग्रामला परतले. ज्या जिल्ह्यात त्यांनी मागील दशकभर ग्रामआरोग्य आणि आहाराचे प्रयोग केले होते, त्या जिल्ह्यातील सामान्य माणसाचा रक्तक्षयही असाच अनेक कारणांचा होता.

‘अंगात रक्त नाही’ हे शब्द वर्धा जिल्ह्यातील आठही तालुक्यांत ऐकू येतात. ते एका लक्षणाचे वर्णन आहे, रोगाचे नाव नव्हे. तरीही गेल्या नव्वद वर्षांत या लक्षणावर जे उपाय सुचविले गेले, ते बहुधा एका वेळी एकच कारण गृहीत धरून सुचविले गेले. रक्तक्षयाचे वेगवेगळे प्रकार या भागात केव्हा आणि कसे ओळखले गेले, आणि ते एकमेकांपासून वेगळे न काढल्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पांडुरोगाची जुनी ओळख

आयुर्वेदात या विकाराला पांडुरोग अशी संज्ञा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगावर असून तेथे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि मृद्भक्षणजन्य. उपचारांत लोह आणि मंडूर यांच्या कल्पांना प्रमुख स्थान आहे. रक्ताच्या फिकटपणावर लोखंड देण्याची परंपरा या देशात किती जुनी आहे, हे त्यावरून लक्षात येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्राचीन वैद्यांनीही हा विकार एकसंध मानला नव्हता.

पाचव्या प्रकाराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. माती खाल्ल्याने पांडुरोग होतो, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक वैद्यकात हा कार्यकारणभाव बराचसा उलटा मांडला जातो : लोह कमी झालेल्या व्यक्तीलाच माती, खापर, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची ओढ लागते. मात्र जुने निरीक्षण चुकीचे होते असे म्हणता येत नाही. काही प्रकारची माती आतड्यात लोहाला धरून ठेवते, आणि मातीबरोबर जंतांची अंडीही पोटात जातात. गरोदर सुनेला चुलीची माती खाताना पाहून घरातली वडीलधारी बाई रागावते, तेव्हा ती कारणावर रागावते की परिणामावर, हा प्रश्न अगदीच निरर्थक नाही.

मगनवाडीतील पाला आणि सिंदीतील मैला

अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार हा या कामाचा आर्थिक भाग होता. पण त्यामागे आहारविषयक विचारही होता. १९३५ मध्ये गांधीजींनी मगनवाडीत कच्च्या हिरव्या पाल्याचे आणि सोयाबीनचे प्रयोग केले व ‘हरिजन’मधून पाल्याच्या अन्नमूल्यावर लिहिले. तामिळनाडूतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्याच सुमारास डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड भारतीय अन्नपदार्थांचे विश्लेषण करीत होते आणि त्यांच्या मतांची दखल गांधीजी घेत होते.

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर हा विचार अर्धा बरोबर ठरतो. पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह उरते, तर ज्वारीत ते सुमारे चार मिलिग्रॅम असते. गिरणीच्या पांढऱ्या तांदळाला झालेला विरोध म्हणूनच निराधार नव्हता, आणि ज्वारी हे तर वर्ध्याचे मूळ अन्न. परंतु धान्य व पाल्यातील लोह मांसातील लोहाप्रमाणे सहज शोषले जात नाही. धान्याच्या टरफलातील फायटेट त्याला अडविते. केवळ धान्यावर आधारलेल्या जेवणातून पाच टक्क्यांच्या आसपासच लोह रक्तात पोहोचते. लिंबू, आवळा, कैरी यांतील क जीवनसत्त्व ते प्रमाण वाढविते. चहा ते घटविते. चहातील टॅनिनविषयी गांधीजींनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ या पुस्तिकेत नापसंती व्यक्त केली आहे. ही पुस्तिका त्यांनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्याच बंदिवासात लिहिली. त्यांनी दिलेले कारण जठराच्या अस्तराशी निगडित होते. टॅनिनमुळे लोहाचे शोषण रोखले जाते ही बाब नंतर स्पष्ट झाली. चुकीच्या वाटेने योग्य सल्ल्यापर्यंत पोहोचल्याचे असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात एकटे नाही.

रक्तक्षयाच्या दृष्टीने मगनवाडीचे खरे मोठे काम कदाचित पाल्याचे नसून मैल्याचे होते. १९३५ मध्ये मगनवाडीला लागून असलेल्या सिंदी गावी गांधीजींचे सहकारी रोज जाऊन उघड्यावरची विष्ठा उचलू लागले. विष्ठा खड्ड्यात पुरून मातीने झाकावी, तिचे खत करावे, असा आग्रह होता. अंकुशकृमीचे जीवनचक्र नेमके येथेच तुटते. विष्ठेतून जमिनीवर पडलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात, त्या ओलसर मातीत वाढतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. अंकुशकृमीची एक जात दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर, तर दुसरी ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त शोषते. शंभर कृमी असले तर दुसऱ्या जातीच्या बाबतीत रोज १५ ते २० मिलिलिटर रक्त जाते. एवढा तोटा पालेभाजीने भरून निघणे अवघड आहे. सिंदीच्या सफाईकडे नैतिक शिस्त किंवा अस्पृश्यतानिवारणाचा कार्यक्रम म्हणून पाहिले गेले आणि ते योग्यच होते. रक्तक्षयाचा उपचार म्हणून मात्र तिची गणना फारशी कोणी केली नाही.

कापसाच्या दुसऱ्या टोकाला

वर्ध्याचा, विशेषतः हिंगणघाटचा कापूस रेल्वेने मुंबईला जात असे. त्या मुंबईतील गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचा एक वेगळा प्रकार १९२८ पासून अभ्यासला जात होता. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका गर्भवती स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचे कारण शोधण्यासाठी मुंबईस आल्या आणि त्यांनी हाफकिन संस्थेत व नंतर कुन्नूर येथे काम केले. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी लोहाच्या अभावी होतात तशा लहान आणि फिकट नव्हत्या, तर प्रमाणाबाहेर मोठ्या होत्या. म्हणजे पेशीत भरावयाचा रंग नव्हे, तर पेशी घडण्याची क्रियाच बिघडली होती.

विल्स यांनी यीस्टपासून तयार होणारा मार्माइट हा स्वस्त पदार्थ देऊन पाहिला आणि रुग्ण सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अज्ञात द्रव्याला बराच काळ ‘विल्स घटक’ म्हटले जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ च्या सुमारास येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने त्याचे संश्लेषण केले. मगनवाडीतील पाल्याचे आणखी एक समर्थन असे उशिरा मिळाले. मात्र हे आम्ल शिजविण्याने बरेचसे नष्ट होते.

मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचे दुसरे कारण ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. १९४८ मध्ये वेगळे केलेले हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. ते दूध, अंडी, मांस यांतून मिळते. पुण्याच्या परिसरातील पुरुषांच्या एका अभ्यासात, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे दोन-तृतीयांश जणांत त्याचे प्रमाण कमी आढळले. ज्या जिल्ह्यात शाकाहार हा गांधी-विनोबांच्या वारशाचा भाग मानला जातो, तेथे हा मुद्दा संकोचाने मांडला जातो. पण दूध विकून चहापुरतेच घरी ठेवणाऱ्या कुटुंबाचा शाकाहार आणि आश्रमातील दूध-दह्याचा शाकाहार यांत वैद्यकीयदृष्ट्या मोठे अंतर आहे. शिवाय नुसते फॉलिक आम्ल दिल्यास ब-१२ च्या अभावाचा रक्तक्षय वरवर सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालू राहते.

सेवाग्रामचे रुग्णालय आणि लोहाची गोळी

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सेवाग्रामात स्त्रिया व मुले यांच्यासाठी लहानसे रुग्णालय उभे राहिले. बंदिवासात गांधीजींच्या सोबत असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी ते वाढविले. पुढे १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्रिपद सांभाळल्यानंतर त्यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, येथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची येथील प्रथा आहे. १९८० च्या दशकात संस्थेने आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना राबविली. तिची वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने घेतली जाई.

संस्था सुरू झाली त्याच सुमारास, १९७० मध्ये, केंद्र सरकारने पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. गर्भवतींना लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी देणे हा त्याचा गाभा होता. गर्भारपणात सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागते आणि ते केवळ आहारातून मिळणे कठीण असते, हे लक्षात घेता गोळी आवश्यकच होती. १९९१ मध्ये गोळीतील लोह ६० वरून १०० मिलिग्रॅम करण्यात आले. परिणाम अपेक्षेइतका दिसला नाही आणि त्याचे खापर प्रामुख्याने स्त्रियांवर फुटले : त्या गोळ्या खात नाहीत, फेकून देतात. यात तथ्य होते. मळमळ, काळी शौचास व बद्धकोष्ठता यांमुळे गोळ्या टाकल्या जातात. पण गोळी नियमित घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन वाढले नाही, त्यांचे काय, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

त्याचे एक कारण निदानाच्या साधनांत होते. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहणे ही सर्वांत सोपी रीत. सेवाग्राम येथील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पापणी, जीभ, तळहात व नखे यांचा फिकटपणा हिमोग्लोबिनशी ताडून पाहिला. फिकटपणावरून सौम्य रक्तक्षय खात्रीने सांगता येत नाही, आणि एकाच रुग्णाविषयी दोन डॉक्टरांचे मतही जुळत नाही, असे त्यातून पुढे आले. साहली यांची विसाव्या शतकाच्या आरंभीची रंग जुळविण्याची नळी ग्रामीण दवाखान्यांत अनेक दशके वापरात राहिली. तीही तपासनिसाच्या नजरेवरच अवलंबून. आणि हिमोग्लोबिन अचूक मोजले तरी त्यातून रक्त किती कमी आहे ते कळते, ते का कमी आहे हे कळत नाही.

विळ्याच्या आकाराची पेशी

हे ‘का’ सर्वांत कठोरपणे पुढे आले ते सिकलसेलच्या रूपाने. शिकागो येथे १९१० मध्ये जेम्स हेरिक यांनी एका कॅरिबियन विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी वर्णिल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी हा रेणूचा रोग असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते हे सिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत हा दोष सापडला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील, म्हणजे वर्ध्यापासून ७५ किलोमीटरवरील नागपूरच्या परिसरातील नोंद प्रसिद्ध केली. ती प्रामुख्याने महार समाजातील होती.

या तारखेला इतिहासात एक संदर्भ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला होता. जातीने लादलेली ओळख नाकारणाऱ्या समाजाला दोनच वर्षांनी प्रयोगशाळेतून एक नवी नोंद चिकटली. संशोधकांचा तसा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. परंतु ‘हा अमक्यांचा रोग’ ही समजूत विदर्भात दीर्घकाळ टिकली आणि तिने दुहेरी नुकसान केले. ज्या समाजांचे नाव जोडले गेले, त्यांच्यात लग्न मोडण्याच्या भीतीने तपासणी टाळली जाऊ लागली; ज्यांचे जोडले गेले नाही, त्यांच्या मुलांच्या हाडदुखीला वात किंवा संधिवात समजून औषधे दिली गेली.

वास्तविक हे जनुक जात पाहून टिकलेले नाही, तर हिवताप पाहून टिकलेले आहे. ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते मिळते, तो वाहक सामान्यतः निरोगी असतो आणि तीव्र हिवतापापासून त्याला काही संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखविले. जंगलालगतच्या हिवतापग्रस्त प्रदेशात जे समाज पिढ्यान्पिढ्या राहिले, त्यांच्यात ते वाढले. पूर्व विदर्भातील गोंड, परधान, माडिया आणि सातपुड्यातील भिल्ल-पावरा यांच्यात ते मोठ्या प्रमाणावर आहे; इतर समाजांतही ते आढळते. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

सिकलसेल रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच जगते. रक्त कमी पडते ते लोह नसल्यामुळे नव्हे, तर पेशी फुटल्यामुळे. आणि फुटलेल्या पेशीतील लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णात ते यकृतात व हृदयात साचते. अशा मुलीला शाळेत, अंगणवाडीत, दवाखान्यात ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या मिळत राहिल्या, तर तिचा उपचार झाल्याची नोंद होते आणि रोग तसाच राहतो. उलट, सिकलसेल म्हटले की लोह वर्ज्यच, हा नियमही घातक आहे. पाळीच्या रक्तस्रावाने किंवा कृमींमुळे अशा रुग्णातही लोहाची खरी कमतरता असू शकते. येथे तपासणीला पर्याय नाही. विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करीत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते.

महाराष्ट्रात २००८ नंतर सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सुरू झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय निर्मूलन मोहीम जाहीर झाली; २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आणि सात कोटी लोकांची तपासणी असा तिचा आराखडा आहे. या मोहिमेत देण्यात येणारे रंगीत ओळखपत्र विवाहापूर्वी एकमेकांना दाखवावे अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ते कोणाच्या हाती दिले जाते, मुलीच्या की तिच्या वडिलांच्या, यावर बरेच काही ठरते.

आकडे आणि रेशनचा तांदूळ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ४८.० टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय नोंदला गेला. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो ५४.२ टक्के झाला. पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. गोळ्यांचे वाटप वाढत असताना रोग वाढावा, हे कोड्यात टाकणारे आहे. त्याचा काही भाग मोजणीच्या रीतीत आहे : या सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतले जाई, आणि पिळून काढलेल्या थेंबात ऊतीतील पाणी मिसळते. शिरेतून रक्त घेणाऱ्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात प्रमाण बरेच कमी आढळले. परिणामी सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची चाचणीच वगळण्यात आली. दरम्यान २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या धोरणात हिवताप, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष आणि फ्लोरोसिस या आहाराबाहेरील कारणांना प्रथमच स्पष्ट जागा मिळाली.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी सरकारी योजनांतील सर्व तांदूळ लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ यांनी समृद्ध करण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने रेशनमध्ये आला. पॉलिशच्या तांदळातून गेलेले लोह पुन्हा त्याच तांदळात मिसळण्याचा हा उपाय कुमारप्पांना कसा वाटला असता, हा विचार मनात येतोच. २०१८ च्या नियमावलीनुसार अशा अन्नाच्या वेष्टनावर थॅलेसेमिया आणि सिकलसेल रुग्णांसाठी इशारा छापणे बंधनकारक होते. वैज्ञानिक समितीच्या मतानंतर २०२४ मध्ये तो काढण्यात आला. हिशेब केला तर समितीचे म्हणणे पटते. किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह धरले आणि माणशी पाच किलोचे सर्व धान्य तांदूळच मानले, तरी महिन्याला १४० ते २१२ मिलिग्रॅम लोह पोटात जाते व त्यातील पाच ते दहा टक्केच शोषले जाते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह थेट शरीरात जाते. मात्र हाच हिशेब उलट बाजूनेही करावा लागतो : जो तांदूळ सिकलसेलच्या रुग्णाला फारसा अपाय करीत नाही, तो लोहाची तीव्र उणीव असलेल्या गर्भवतीला फारसा उपायही करीत नाही. ब-१२ चे प्रमाण तर किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम आहे. पाच किलोत मिळून ते प्रौढ माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या गरजेइतके भरते. वर्ध्यातील एकाच रेशन दुकानातून हा तांदूळ कृमींनी रक्त गमावलेल्या मजुराच्या, दूध न परवडणाऱ्या शाकाहारी कुटुंबाच्या आणि सिकलसेल रुग्णाच्या घरी गेला. यांपैकी फक्त शेवटच्या घराचे कारण नावानिशी नोंदविण्याचा कार्यक्रम शासनाकडे आहे.